आत्रेयीची तक्रार

भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’च्या दुसऱ्या अंकांत आत्रेयी नांवाची एक विद्यार्थिनी येते. गुरु विद्या देतो ती हुशाराला आणि मंदाला सारखीच देतो, फरक पडतो तो घेणाराच्या पात्रतेमुळें, अशा अर्थाचा जो श्लोक संस्कृत शिकलेल्या बहुतेकांस तोंडपाठ असतो, तो या आत्रेयीच्या तोंडचा आहे. परंतु ती तो कां म्हणते, हें फार थोड्यांच्या ध्यानांत राहतें. बाई वाल्मीकींचा आश्रम सोडून अगस्त्यांकडे वेदान्त शिकण्यास निघाल्या आहेत. कारण आश्रमांत कुश-लव नांवाचे दोन विलक्षण बुद्धीचे बटु आले असून त्यांच्याबरोबर यांचा पाठ चालेनासा झाला आहे. शिवाय गुरुजी स्वतः रामायण रचण्यांत गुंतले आहेत, ही दुसरी अडचण. हल्लींच्या गुरुजींस रामायणाऐवजीं जनगणना, निवडणुका आणि माहितीचे तक्ते लागलेले असतात, एवढाच काय तो फरक!

तेव्हां हा श्लोक गुरूच्या निःपक्षपाताची स्तुति म्हणून न वाचतां मागें पडलेल्या विद्यार्थिनीची तक्रार म्हणून वाचावा, असें आमचें मत आहे. सर्वांस सारखेंच देणें हा न्याय खरा. पण ज्याला तें घेतांच येत नाहीं, त्याच्या पदरांत काय पडलें? आत्रेयीला पाय होते, ती दुसऱ्या गुरूकडे चालत गेली. शहापूर-मुरबाडकडील एखाद्या पाड्यावरच्या पोरानें कोठें जावें?

प्रत्येक मुलाच्या चालीनें पाठ चालावा, अशीं यंत्रसाधनें आतां निघालीं आहेत. मूल चुकलें तर यंत्र तोच भाग अधिक सोपा करून पुढें ठेवतें; बरोबर आलें तर एक पायरी वर नेतें. दृष्टिहीनास पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारीं साधनें आहेत. ज्यास वाचा नाहीं त्यानें चित्रावर बोट ठेवतांच त्याच्या वतीनें बोलणारींही आहेत, मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें तयार झालेलें ‘जेलो’ हें त्यांपैकीं एक मराठींत बोलतें आणि त्यास पैसे पडत नाहींत. आमच्या भागाला यंत्राचें नवल राहिलेलें नाहीं. शहापूर तालुक्यांतील पष्टेपाडा येथील जिल्हा परिषदेच्या शाळेंत संदीप गुंड या शिक्षकांनीं लोकवर्गणीच्या साहाय्यानें टॅबलेट आणि स्पर्शानें चालणारा फळा आणला, त्यास आतां दहा वर्षांहून अधिक काळ लोटला. त्या लहानशा शाळेचें नांव तेव्हां सर्व महाराष्ट्रांत झालें. उलट मुरबाड तालुक्यांतील फांगणे गांवीं योगेंद्र बांगर या शिक्षकांनीं ८ मार्च २०१६ रोजीं आजीबाईंची शाळा सुरू केली, तींत पाटी-पेन्सिलीपलीकडे यंत्र म्हणून कांहीं नव्हतें. घरचीं कामें आटोपल्यावर, दुपारच्या वेळीं, गुलाबी लुगडीं नेसून आज्या अक्षरें गिरवूं लागल्या. विद्यार्थिनींच्या सवडीचा मेळ तेथें यंत्रावांचून घातला गेला. हें सांगण्याचें कारण असें कीं, यंत्र आलें म्हणजे मेळ आपोआप जमतो, असा कित्येकांचा समज झालेला दिसतो.

आमच्याच घरांतील गोष्ट सांगतों. आमच्या वडील बंधूंचा नातू नऊ वर्षांचा आहे. बोलण्यांत चतुर, तोंडी हिशेब असा करतो कीं वाण्यानें बोटें चावावीं, पण पुस्तक उघडलें कीं मुलाचा चेहराच बदलतो. ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’ यांची त्याच्याजवळ कायमची अदलाबदल. चौथींत गेला तरी चार ओळी धड वाचतां येईनात. घरांत प्रत्येकानें आपापलें निदान केलें: कोणी आळस म्हटलें, कोणी लाड म्हटले, कोणी मोबाईलला दोष दिला. त्याच मोबाईलवर सूनबाईंनीं एक वाचनाचें साधन उतरवून घेतलें. गूगल कंपनीनें २०१९ सालीं ‘बोलो’ या नांवानें एक साधन हिंदींतून काढलें व मागाहून तें मराठींतही आलें, त्याच जातीचें हें. यंत्र गोष्ट पुढें ठेवतें, मूल मोठ्यानें वाचतें, यंत्र ऐकतें. शब्द अडला तर स्वतः उच्चारून दाखवितें.

पहिले आठ दिवस मुलगा माजघराच्या कोपऱ्यांत सर्वांकडे पाठ करून बसे. एके दिवशीं आम्हीं मोजलें, त्यानें त्याच त्या चार ओळी अकरा वेळां वाचल्या. यंत्र कंटाळलें नाहीं, त्यानें उसासा टाकला नाहीं, शेजारच्या मुलाकडे पाहून हंसलें नाहीं. माणसांच्या शाळेंत अकरावी खेप कोणाच्याच वांट्यास येत नाहीं. साठ मुलांच्या वर्गांत तिसरीदेखील येत नाहीं. यंत्राचा खरा गुण आम्हांस येथें दिसला.

मात्र यंत्र चूक सांगतें, चुकीचें मूळ सांगत नाहीं. पंधरा दिवस शेजारीं बसल्यावर आमच्या लक्षांत आलें कीं, मुलगा सर्वत्र चुकत नाहीं. ऱ्हस्व इकार आला कीं तो हटकून ठेचाळतो. वाचकांनीं क्षणभर विचार करावा. ‘कि’ लिहितांना वेलांटी आधीं आणि ‘क’ मागून. उच्चार करतांना ‘क’ आधीं आणि इकार मागून. डोळा एक क्रम सांगतो, कान दुसरा. रफाराचें तर याहून विचित्र: ‘सूर्य’ या शब्दांत र् उच्चारावयाचा आधीं आणि काढावयाचा पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. तुम्हांआम्हांस हें कधींच जाणवत नाहीं. पण ज्याच्या डोळ्याची व कानाची मुळांतच गांठ पडत नाहीं, त्याला आमची देवनागरी कांटेरी कुंपण वाटत असेल. आम्हीं लांकडी ठोकळ्यांवर अक्षरें व वेलांट्या निरनिराळ्या लिहिल्या, आणि उच्चाराच्या क्रमानें त्याच्या हातीं देऊन मग वेलांटी उचलून पुढें ठेवावयास शिकविलें. दुपारीं ठोकळे आणि रात्रीं यंत्र, असें चार महिने चाललें. आतां मुलगा हळूहळू वाचतो. वर्गाच्या बरोबरीला तो आलेला नाहीं. कदाचित् येणारही नाहीं.

पुढें गट साधन केंद्रांतील विशेष शिक्षिका घरीं आल्या. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनें २०२२ सालीं ‘प्रशस्त’ नांवाची प्रश्नावली मोबाईलवर आणली आहे, ती त्यांनीं भरली. आणि ही केवळ प्राथमिक चाळणी आहे, खरें निदान मुंबईस शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणींच होईल, असें स्वच्छ सांगितलें. २०१६ च्या कायद्यानें दिव्यांगत्वाचे पूर्वींचे सात प्रकार एकवीस केले, त्यांत वाचन-लेखनाच्या या अक्षमतेस स्थान मिळालें. प्रमाणपत्र असल्यास परीक्षेंत अधिक वेळ मिळतो, जरूर तर लेखनिकही मिळतो.

येथें घर अडलें. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, कागदावर एकदां लिहून आलें कीं तें पुसायचें कोणी? चार वर्षांनीं त्याच्या बहिणीला स्थळें पाहायचीं आहेत.” त्यांस हंसण्याचें कारण नाहीं. ज्या घरांतून हें मासिक जातें, त्यांपैकीं कितीतरी घरांत माडीवरच्या खोलींत एखादा न शिकलेला काका, एखादी ‘अशीच’ राहिलेली आत्या होऊन गेली आहे, आणि तिच्याविषयीं पाहुण्यांसमोर बोलावयाचें नाहीं ही शिस्त सर्वांस ठाऊक होती. वहिनी त्या शिस्तींत वाढल्या. परंतु शिक्का कागदानें बसतो कीं तीन वेळां नापास झाल्यानें बसतो, हा प्रश्न आम्हीं त्यांस विचारला. पुढच्या महिन्यांत मुंबईस जावयाचें ठरलें आहे. वहिनींनीं अद्याप होकार दिलेला नाहीं; नकारही दिलेला नाहीं.

आमच्या घरीं वाद करावयास तरी चार माणसें आहेत. याच शिक्षिकाबाईंच्या ओळखीनें आम्ही डोळखांबच्या वरच्या अंगाला एका कातकरी वाडीवर गेलों होतों. तेथील आठ वर्षांची मुलगी जन्मापासून अंगानें लुळी. समज पुष्कळ, वाचा नाहीं. बाई आठवड्यांतून एकदां घरीं जाऊन शिकवितात. बापाच्या फोनवर चित्रांतून बोलणारें एक साधन त्यांनीं घातलें होतें. चित्र दाबलें कीं शहरी बाईचा आवाज शुद्ध मराठींत पाणी मागे, आणि मुलीची आजी पदर तोंडाला लावून हंसे. त्या घरांत तसें कोणी बोलतच नव्हतें! बाईंनीं मग घरांतल्याच वस्तूंचे फोटो काढले: चूल, टोपली, भाकर, शेळी. त्यांवर आईचाच आवाज भरला. आम्ही गेलों त्या दुपारीं मुलीनें शेळीचें चित्र किती वेळां दाबलें असेल, तें सांगवत नाहीं. शेवटीं शेळी खरोखरच दारांत आणून उभी करावी लागली, तेव्हां ती थांबली.

दिवाळी झाल्यावर तें कुटुंब भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलें. मुलगी गेली, फोनही बरोबर गेला. बाई मात्र मागें राहिल्या. त्यांचें काम शहापूर तालुक्यापुरतें आहे.