दोन मोत्यांचे पत्र

मराठीचा एम. ए., त्यातून शासकीय शाळेचा मुख्याध्यापक, आणि लिहितो काय, तर रहस्यकथा! आमच्या ग्वाल्हेरच्या मंडळींत हे ऐकून काहींच्या भुवया अजूनही वर चढतात. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहून घरोघरी वाचनाची गोडी लावली. तरी रहस्यकथा ही उशीखाली दडवून ठेवण्याचीच वस्तू राहिली. माझ्या लेखनामागचे कारण अगदी साधे आहे. आमची मुले शाळेत हिंदी शिकतात, घरी मराठी बोलतात. पण मराठी पुस्तक हाती दिले की दुसऱ्या पानावर जांभई देतात. पुढे काय झाले हे कळावे म्हणून तरी ती पान उलटतील, एवढाच माझा हिशेब.

रहस्यकथेचे मुख्य पथ्य म्हणजे वाचकापासून पुरावा लपवू नये; तो त्याच्या डोळ्यांदेखत ठेवावा आणि तरीही त्याच्या लक्षात येऊ नये. कॉनन डॉयलच्या 1892 सालच्या ‘सिल्व्हर ब्लेझ’ या कथेत रात्री कुत्रा भुंकला नाही, यावरूनच होम्स ताडतो की आलेला मनुष्य ओळखीचा होता. माझ्या एका कथेत साक्षीदार सांगतो, ‘लक्ष्मीपूजनाच्या रात्री चांदण्यात मी त्याला स्पष्ट पाहिले.’ थोर मंडळी हे वाक्य खुशाल ओलांडून गेली. एका अकरा वर्षांच्या मुलीने मात्र तिथेच बोट ठेवले : ‘सर, त्या दिवशी अमावास्या असते ना?’ अशी वाचक मिळाली की मानधनाची आठवण राहत नाही. (ते तसेही फारसे मिळत नाही.)

ऐतिहासिक हेरकथेचा मामला निराळा. तिथे शेवट वाचकाला आधीच ठाऊक असतो, आणि साधने तर फार थोडी. बहिर्जी नाइकाच्या वेषांतरांच्या किती गोष्टी आपण ऐकल्या आहेत! पण सभासदाच्या बखरीत तो येतो तो सुरतेची बातमी आणणारा म्हणून, आणि तेही अगदी थोडक्यात. हेराचे काम चोख झाले तर कागदावर त्याची खूण राहायची कशी? म्हणून मी घटनांपेक्षा रीत शोधतो. कौटिल्याने अर्थशास्त्रात गृहस्थ, व्यापारी, तापस, भिक्षुकी अशा वेषांतील हेर सांगितले आहेत. त्यांनी एकमेकांना ओळखू नये आणि तिघांकडून आलेली वार्ता जुळली तरच तिच्यावर विश्वास ठेवावा, असा त्याचा दंडक आहे. एवढ्यावर एक कथा उभी राहते : दोघांची वार्ता जुळली आहे, आणि तिसरा अजून परतलेला नाही.

सध्या माझ्यासमोर आहे ते पानिपतचे पत्र. 14 जानेवारी 1761 ला युद्ध झाले. त्यानंतर सुमारे दहा दिवसांनी, उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती माळव्यात एका सावकाराचे पत्र पडले, असे सांगतात. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये-खुर्द्याची तर मोजदादच नाही, अशा अर्थाचा त्यात मजकूर होता. परक्याला तो तोट्याचा हिशेब वाटेल. पेशव्यांना ते दोन मोती कोण हे विचारावे लागले नसेल. विश्वासराव आणि भाऊसाहेब. त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवर नानासाहेबही गेले.

माझ्या कथेचा नायक हे पत्र वाहून नेणारा कासद आहे. थैलीत काय आहे ते त्याला माहीत नाही; वाचकाला आहे. एका मासिकाच्या संपादकांनी कथा आवडल्याचे कळविले, पण अब्दालीच्या तंबूत शिरणारी एखादी लावण्यवती घालावी, अशी सूचना केली. मी हस्तलिखित परत मागविले. मला हट्टी म्हणा. पण माझी मुले कथा संपताच विचारतात, ‘सर, हे खरंच घडलं होतं का?’ आमच्यापैकी कित्येकांची घराणी शिंद्यांच्या पदरी इकडे आली. जनकोजी शिंदे पानिपतानंतर मारले गेले, महादजी पायाने अधू होऊन परतले. ज्या मुलाला मराठीत दुसरा इतिहास वाचायला मिळणार नाही, तो माझी लावण्यवतीच खरी मानून मोठा होईल. म्हणून मी कथेखाली दोन ओळी लिहितो : पत्र परंपरेने आलेले, कासद माझा.

त्या कासदाला मी सध्या चंबळेच्या काठी आणले आहे. रस्त्यात उलटसुलट अफवा आहेत. कोणी जय सांगतो, कोणी पराजय. नावेची वाट पाहणारी एक म्हातारी त्याला विचारते, ‘बाबा, दक्षिणी फौजेची काही खबर? माझा मुलगा आहे तिथे.’ तो थैली चाचपतो आणि अगदी खरे तेच सांगतो, ‘आई, यात नुसता सावकाराचा हिशेब आहे.’ पुढचा मुक्काम ग्वाल्हेर. तो अजून लिहून व्हायचा आहे.