कुंभार्ली घाट उतरताना

वाचकहो, कराडहून पाटणमार्गे चिपळूणला निघालात, की हेळवाकपर्यंत रस्ता कोयनेच्या सोबतीने जातो. पुढे कुंभार्ली घाट लागतो आणि तुम्ही कोकणात उतरू लागता. पावसाळ्यात इथे असे धुके दाटते, की पुढच्या गाडीचा तांबडा दिवाच तेवढा दिसावा.

आता गावोगावी नव्या गाड्या आल्या आहेत. स्टिअरिंग हलके, ब्रेक नुसता पाय टेकवला तरी लागतो. मला त्या आवडतात. जुन्या जीपने खांदे भरून यायचे. पण या हलकेपणामुळे उतार जाणवत नाही, हीच मेख आहे. 2019 पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले. त्याने चाके जाम होत नाहीत, पण तापलेला ब्रेक काही थंड होत नाही. भाजीने भरलेली पिकअप असो की बायका-मुलांनी भरलेली मोटार, सारा घाट ब्रेकवर उतरवली तर ब्रेक तापून पकड सोडतो. म्हणून ज्या गिअरवर घाट चढाल, साधारण त्याच गिअरवर उतरा. इंजिनच गाडी धरून ठेवते.

डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे पुष्कळ. नव्या इंजिनात, गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की इंधन तुटते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला ते लागतेच. इंजिनच बंद केले, तर दोन-चार दाबांत ब्रेक दगडासारखा घट्ट होतो. मग बचत कसली!

अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. नियमही तोच आहे. पायथ्याला पोफळीत थांबून चाकाजवळ वास घ्या. करपट आला, तर चहा सावकाश होऊ द्या, तोवर ब्रेक निवतील.