आईचं ब्रह्मकमळ

आमच्या गॅलरीत अकरा कुंड्या आहेत. दहा मी हौसेनं जमवलेल्या, लाल, नारिंगी, गुलाबी संकरित वाणांच्या. कुणाला पान द्यायचं, कुणाचं आणायचं. ही फुलं दिवसा उमलतात, दोन-तीन दिवस टिकतातही. अकरावं आईचं पांढरं ब्रह्मकमळ, एका रात्रीचं. खरं ब्रह्मकमळ हिमालयातलं, हा मेक्सिकोकडचा निवडुंग, असं मी तिला एकदा ऐकवलं. ‘असू दे,’ ती म्हणाली.

निवडुंग म्हणून मी ते आधी कडक उन्हात ठेवलं. पिवळं पडलं. रानात ते झाडांच्या फांद्यांवर, सावलीत वाढतं, आणि कुंडीत मुळं दाटलेलीच त्याला बरी, हे उशिरा कळलं. आपण पान म्हणतो ते मुळात खोड. म्हणून तर पान खोचलं की रोप होतं आणि कळी पानाच्या कडेला धरते.

गेल्या जुलैत एक कळी मान वर करून फुगली. वाड्यात असताना अशा रात्री आई सगळी बिऱ्हाडं गोळा करायची. आता अंथरुणावरून म्हणाली, ‘मला उठव.’ दहाला पाकळ्या सुटल्या, अकराला घरभर वास. दोन रात्री तळमळून तिला नुकता डोळा लागला होता. मी दोनदा दारापर्यंत जाऊन परतले.

सकाळी मान टाकलेलं फूल तिच्या हातात दिलं. तिनं हुंगून पाहिलं.

‘शेजारी तरी बोलावलंस का कुणाला?’

नव्हतं बोलावलं.