रिपोर्ट नॉर्मल आला, पुढे काय?

आमच्या मोहल्ल्यात 'स्ट्रेस टेस्ट' म्हटले की अनेकांना डोक्याचे टेन्शन मोजायची तपासणी वाटते. मराठीत दोरीलाही ताणच आणि मनालाही ताणच, मग घोटाळा होणारच. इथे मात्र ताण द्यायचा असतो हृदयाला, मुद्दाम, डॉक्टरांच्या देखत.

अब्बांचे वय ७१, मधुमेह २० वर्षांचा. गेल्या वर्षी जिना चढताना धाप लागू लागली म्हणून डॉक्टरांनी ही तपासणी सांगितली. ट्रेडमिलचा पट्टा दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढवतो. अब्बांच्या गुडघ्यांना ते झेपणारे नव्हते. म्हणून शिरेतून औषध देऊन हृदयाचे ठोके वाढवले आणि सोनोग्राफीने हृदयाची हालचाल पाहिली. रक्तवाहिनी अरुंद असली तरी आरामात बसलेल्या माणसाला तेवढे रक्त पुरते. ताण वाढला की पुरत नाही आणि हृदयाच्या भिंतीचा तेवढा भाग सुस्त हलतो. थॅलियम तपासणीत हेच वेगळ्या रीतीने दिसते. किरणोत्सारी औषध रक्ताबरोबर जाते आणि जिथे रक्त कमी, तिथे चित्र फिके उमटते.

अब्बांचा रिपोर्ट नॉर्मल आला. अम्मीने शुक्र अदा केला. अब्बांनी मात्र घरात पाऊल टाकताच जाहीर केले, "अब गोल्यां बंद!"

इथून आमचा वाद सुरू झाला. हा रिपोर्ट पुढचे किती सांगतो? बरेच सांगतो. ताणाखालचे चित्र नॉर्मल असलेल्यांमध्ये हार्ट अटॅक किंवा हृदयविकाराने मृत्यू येण्याचे प्रमाण साधारणपणे वर्षाला शंभरात एकाहून कमी असते. पण हा हिशेब समूहाचा आहे. मधुमेह असलेल्यांत धोका जास्त राहतो आणि नॉर्मल रिपोर्टचा दिलासा लवकर ओसरतो.

शिवाय ही तपासणी रक्त अडवणारा अडथळा पकडते. वाहिनीच्या आतला चरबीचा छोटा थर रक्त अडवत नाही, म्हणून तो तिच्या नजरेतून सुटतो. तोच थर एखाद्या दिवशी फाटतो, त्यावर गुठळी होते आणि झटका येतो. 'कालच रिपोर्ट नॉर्मल होता' असे आपण मयतीच्या घरी ऐकतो, त्यामागे बऱ्याचदा हे असते.

उलट, रिपोर्ट बिघडलेला आला म्हणजे लगेच ऑपरेशन, असेही नाही. 'इस्केमिया' नावाच्या अभ्यासात ५,१७९ रुग्ण होते. सगळ्यांच्या हृदयाला ताणाखाली रक्त बरेच कमी पडत होते, पण आजार स्थिर होता. अर्ध्यांची आधी अँजिओग्राफी आणि गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास केली, अर्ध्यांना आधी औषधांवर ठेवले. निष्कर्ष २०२० मध्ये आले. सुमारे तीन वर्षांत मृत्यू आणि झटके यांत ठळक फरक पडला नाही. छातीत दुखणाऱ्यांना मात्र स्टेंट-बायपासने जास्त आराम मिळाला. मुख्य डाव्या वाहिनीत मोठा अडथळा असलेले रुग्ण यात नव्हते, त्यामुळे निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यायचा.

अब्बांना हे आकडे पटले नाहीत. शेवटी मी एवढेच म्हटले, "अब्बा, रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळ्या चालू असताना." ते गप्प झाले. रात्री त्यांनी अम्मीकडे गोळ्यांचा डबा मागितला.

घरातल्या बुजुर्गांना एक गोष्ट जरूर सांगा. छातीत दाब, जबडा किंवा हात दुखणे, अचानक धाप, दरदरून घाम, असे काही झाले तर जुना रिपोर्ट शोधत बसू नका. थेट दवाखाना गाठा. तो रिपोर्ट त्या दिवसाचा होता.