वेशावरून पारख आणि रावलापाणीचा नाला

(१)
२ मार्च १९४३. तळोदा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, रावलापाणीच्या नाल्यात जमलेल्या आदिवासींवर ब्रिटिश सरकारच्या सशस्त्र तुकडीने गोळीबार केला. १५ जण मृत्युमुखी पडले. जमलेले लोक आरती करणारे भक्त होते. सरकारला मात्र त्यांच्यात बंडखोरांचा जमाव दिसला. हा दृष्टिदोष जुना होता. तो समजून घेण्यासाठी सव्वाशे वर्षे मागे जावे लागते.

(२)
१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या हाती आला. डोंगरातील भिल्लांविषयीचे त्यांचे मत केवळ डोळ्यांनी बनवले होते. कमरेला लंगोटी आणि हाती तीरकामठा, म्हणजे माणूस रानटी आणि चोर. हीच माणसे पिढ्यान्‌पिढ्या घाटांची राखण आणि गावांची जागल करून त्याबद्दल ठरलेले हक्क घेत आली होती, हे वेशावरून उमगण्याजोगे नव्हते. पुढील सात वर्षे फौजा डोंगरात शिरत राहिल्या, शिपाई तापाने अंथरूण धरत राहिले आणि खानदेश अशांतच राहिला.

(३)
१८२५ मध्ये जेम्स औट्रम या तरुण अधिकाऱ्याने निराळा मार्ग धरला. तो भिल्लांबरोबर शिकारीला गेला, त्यांच्यात वावरला आणि त्यांच्यातूनच भिल्ल पलटण उभी केली. तिचे ठाणे धरणगावला होते. ज्यांना शिस्त लागणे अशक्य मानले गेले होते, तेच आता खानदेशाचा बंदोबस्त पाहू लागले. हेतू साम्राज्याचाच होता, यात शंका नाही; तथापि वेश पाहून केलेली पारख किती फसवी असते, याचा पुरावा सरकारच्याच दप्तरात जमा झाला होता.

(४)
पुढे तो धडा विस्मरणात गेला. १८७८ च्या अबकारी कायद्याने घरी मोहाची दारू गाळणे गुन्हा ठरले आणि मक्तेदाराच्या दुकानाची वाट मोकळी झाली. दारूपायी कर्ज, कर्जापायी जमीन सावकाराकडे, असे चक्र फिरू लागले. मक्तेदाराला नफा मिळत होता आणि सरकारला महसूल. झिंगलेला, कर्जात बुडालेला भिल्ल कोणालाच धोकादायक वाटत नव्हता.

(५)
१९३० च्या दशकात मोरवड येथील गुलाम महाराजांनी हे चक्र अडवले. दारू सोडा, रोज स्नान करा, एकत्र जमून आरती करा, असा त्यांचा साधा उपदेश होता. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली: एकमेकांना ‘आप’ म्हणा. ज्याला सावकार आणि शिपाई जन्मभर अरेतुरे करीत आले, त्याला त्याचाच शेजारी ‘आप’ म्हणू लागला. हजारोंचा समुदाय आरतीला लोटू लागला. १९३८ मध्ये महाराजांचे निधन झाले आणि त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी ते कार्य पुढे चालवले.

(६)
विपरीत गोष्ट अशी, की हेच बदललेले रूप सत्तेला भयप्रद वाटले. लंगोटीतला माणूस चोर दिसला होता. आता स्नान करून, शुद्धीवर राहून, रांगेत बसलेला माणूस राजद्रोही दिसू लागला. त्याच्या पायात पडलेली कर्जाची बेडी मात्र दोन्ही वेळा नजरेआड राहिली.

(७)
त्याच भूमीत सहा महिन्यांपूर्वी, ९ सप्टेंबर १९४२ रोजी, नंदुरबार शहरात पोलिसांसमोर शाळकरी मुलांची मिरवणूक उभी ठाकली होती. मुले पाहून ती धाकाने पांगतील, असा अंदाज कोणीही बांधला असता. ती पांगली नाहीत. १५ वर्षांचा शिरीषकुमार मेहता आणि लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा हे त्याचे सोबती गोळ्यांना बळी पडले. एका ठिकाणी वय फसवे ठरले, दुसऱ्या ठिकाणी वेश. दोन्हीकडे बंदुकीपाशीच विचार संपला.

(८)
रावलापाणीच्या गोळीबाराने सरकारला काय साधले? जमाव पांगला, परंतु ‘आप’ हा शब्द पांगला नाही. त्या परंपरेचे अनुयायी आजही सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून आहेत. आपल्याला नेमके कोणाशी लढायचे आहे, हेच सरकारला कळले नव्हते. स्वतःला मान देण्यास शिकलेल्या माणसाला नमवण्याचे साधन कोणत्याही शस्त्रागारात नसते.

(९)
शिरीषकुमारचे नाव महाराष्ट्रात आदराने घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. रावलापाणीच्या १५ जणांतील एकाचे तरी नाव जिल्ह्याबाहेर किती जणांना सांगता येईल? स्वातंत्र्यसैनिक म्हटले की डोळ्यांसमोर टोपी, झेंडा आणि मिरवणूक उभी राहते. आरतीचे ताट घेतलेला भिल्ल त्या चित्रात बसत नाही. १९४३ मध्ये सरकारने वेश पाहून माणसे ओळखली. ऐंशी वर्षांनंतरही ती सवय पुरती सुटलेली नाही.