चार पंख्यांचे विमान

सैनिकाच्या आठवणी म्हटल्या की वाचकांना तोफांचा गडगडाट अपेक्षित असतो. माझ्या कानांत मात्र आजही घुमतो तो अँटोनॉव्ह-12 विमानाच्या चार पंख्यांचा आवाज. 1969 सालच्या नोव्हेंबरात सिग्नल्स शाखेतील एक साधा जवान म्हणून मी प्रथम लेहला गेलो तो या रशियन बनावटीच्या विमानातून. पुढे रजेच्या निमित्ताने तो प्रवास आणखी सात वेळा घडला.

जवानांना विमानाने नेण्याची रीत आपल्याकडे तशी जुनी. 27 ऑक्टोबर 1947 रोजी शीख रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीचे जवान दिल्लीहून श्रीनगरला पोहोचले ते डाकोटा विमानांतून. त्यांत हवाई दलाच्या विमानांबरोबर प्रवासी कंपन्यांकडून घेतलेली विमानेही होती. 24 मे 1948 रोजी एअर कमोडोर मेहरसिंग यांनी जनरल थिमय्यांना सोबत घेऊन असेच एक डाकोटा थेट लेहला, साडेअकरा हजार फुटांच्या आसपास उतरवले. त्यात हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती आणि मार्गाचा धड नकाशाही नव्हता. त्या मानाने आमचा प्रवास सुखाचाच म्हणायचा!

हिवाळ्यात झोजी ला खिंड बर्फाने बंद झाली की लडाखला माणसे, टपाल, शिधा सारे काही आकाशातूनच जाई. चंडीगडच्या ट्रान्झिट कॅम्पमध्ये आम्ही आमचे होल्डॉल बांधून बसत असू. पहाटे अंधारात हजेरी होई, कारण दुपारी लेहच्या खोऱ्यात वारा उठण्यापूर्वी विमानाला उतरून परतायचे असे. पुष्कळदा सूर्य उगवला तरी हुकूम येत नसे. मग हवालदारसाहेब सांगत, ‘डोंगरावर ढग आहेत, उद्या पाहू.’ असे चार-चार, सहा-सहा ‘उद्या’ निघून जात. घरी परतणाऱ्याचे हाल याहून वाईट. लेहच्या धावपट्टीकडे पाहत बसलेल्या एका जवानाला मुलगी झाल्याची तार मिळाली. घरी पोहोचेपर्यंत तिचे बारसेही उरकले होते.

विमानात दाब राखलेली छोटी खोली पुढे होती. तिच्यात मोजकीच माणसे मावत. आम्ही बाकीचे मागे, सामानाच्या पोकळीत. दोन्ही भिंतींना लावलेल्या बाकांवर गुडघ्याला गुडघा लावून बसायचे आणि मधोमध दोरखंडांनी आवळलेली पिंपे, बटाट्याची पोती, टपालाच्या थैल्या. विमान उंच चढू लागले की पत्र्यातून थंडी आत झिरपे, डोके जड होई. शेजाऱ्याशी बोलायचे तर कानाशी तोंड न्यावे लागे. एकदा साताऱ्याकडच्या एका जवानाने आईने दिलेली लोणच्याची बरणी मांडीवर घट्ट धरली होती. हवेचा दाब उतरताच तिच्यातले तेल उसळून त्याच्या नव्या कोटावर आले. त्या गारठ्यात आंब्याच्या लोणच्याचा वास दरवळला आणि तोवर मुकाट बसलेली सारी रांग हसू लागली. पंजाबी, गढवाली, मद्रासी, सगळ्यांनी बोटे पुढे केली.

चढण्यापूर्वी नावांची यादी वाचली जाई. एक प्रत विमानाबरोबर जाई, दुसरी जमिनीवर राहत असे. दुसरी कशासाठी, हे कोणी विचारत नसे. 7 फेब्रुवारी 1968 रोजी याच मार्गावर असेच एक अँटोनॉव्ह-12 चंडीगडहून निघाले होते. हवामान बिघडल्यामुळे लेहजवळून ते माघारी वळले आणि रोहतांग खिंडीच्या परिसरात नाहीसे झाले. आत 102 जण होते. जुने जवान त्याविषयी फार बोलत नसत. फक्त खिडकीतून खाली पसरलेल्या बर्फाकडे पाहताना एखाद्याचा हात छातीशी जाई.

आईने ती बातमी वर्तमानपत्रात वाचलेली होती. माझी नेमणूक कळल्यावर तिने एवढेच विचारले, ‘बाळा, तुझे विमान कसले?’ मी म्हणालो, ‘मोठे आहे. चार पंख्यांचे.’ तिने एक जपमाळ माझ्या हातात ठेवली. पुढे माझे पत्र येईपर्यंत ती रोज संध्याकाळी टपालवाल्याची वाट पाहत अंगणात उभी राहत असे, हे मला शेजाऱ्यांकडून कळले.

त्या 102 जणांच्या घरी मात्र ना पत्र पोहोचले, ना पार्थिव. 2003 साली गिर्यारोहकांना हिमनदीवर विमानाचे अवशेष सापडले. 2019 पर्यंत केवळ पाच मृतदेह हाती आले होते. 2024 च्या सप्टेंबरअखेर आणखी चार सापडले आणि खिशातील कागदांवरून काहींची ओळख पटली. त्यांपैकी एक केरळचा ख्रिस्ती तरुण होता. बावीस वर्षांचा. छप्पन वर्षांनी, लष्करी मानवंदनेसह, त्याच्या गावच्या चर्चमध्ये त्याचा दफनविधी झाला. मी तेथे गेलो नव्हतो; दूरदर्शनच्या पडद्यावर शवपेटी पाहिली आणि बराच वेळ उठवले नाही.

त्याच वर्षी 2 नोव्हेंबरच्या मिस्सासाठी आमच्या धर्मग्रामात मृतांची नावे लिहून द्यायची होती. आई-वडिलांची, थोरल्या भावाची नावे लिहिली. मग त्या केरळच्या मुलाचे लिहिले. त्याखाली थोडी जागा उरली होती. बाकीच्यांची नावे मला पाठ नव्हती, म्हणून ‘आणि त्याच विमानातील सर्वजण’ एवढेच लिहून कागद पेटीत टाकला.