एका सामन्याचा चषक

आमच्या पुणतांब्यात फुटबॉलचे वेड असलेला माणूस शोधून सापडायचा नाही. गोदाकाठचे गाव, भोवती ऊस; पोरे खेळणार ती क्रिकेट, नाहीतर कबड्डी. अपवाद आमच्या काकांचा. मुंबईत कारखान्यात नोकरीला असताना कूपरेज मैदानावर सामने पाहायची त्यांना सवय जडली होती. सुट्टीत ते पुणतांब्याच्या स्टेशनावर उतरत, तेव्हा पिशवीत खाऊबरोबर एखादा फुटबॉलही असे.

काकांच्या बोलण्यात एक नाव हमखास यायचे, ते म्हणजे सुपर कप. वर्गातल्या मित्रांना मी ते सांगे, तेव्हा "असला कुठला कप?" म्हणून सगळे हसत. त्यांचे तरी काय चुकले? ही स्पर्धा म्हणजे अवघा एक सामना. एका बाजूला राष्ट्रीय लीगचा विजेता, दुसऱ्या बाजूला फेडरेशन चषकाचा मानकरी. लीग म्हणजे महिनोन्‌महिन्यांची चिकाटी, चषक म्हणजे मोक्याच्या दिवसाची हिंमत. यांतले श्रेष्ठ कोण, याचा निवाडा एका सामन्यात! १९९७ साली ही स्पर्धा सुरू झाली आणि पहिला मान कोलकात्याच्या ईस्ट बंगालने मिळवला. १९९८ आणि १९९९ साली गोव्याच्या साळगावकर संघाने बाजी मारली. मधली काही वर्षे ती भरलीच नाही. पुढे मोहन बागान, धेंपो यांची नावे त्यावर लागली.

पण काकांच्या लेखी सुपर कप एकच, २००३ सालचा. त्या वर्षी मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने फेडरेशन चषक जिंकला आणि सुपर कपही. तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. तरी ती कथा मी इतक्यांदा ऐकली आहे, की तो विजय मी स्वतः पाहिला असे वाटते.

२०१० साली तो संघ बंद झाला. पाठोपाठ २०११ साली पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता, पंजाबचा जेसीटी संघही गेला. त्याच वर्षी ईस्ट बंगालने साळगावकरला हरवले आणि तो सुपर कपचा शेवटचा सामना ठरला. तोवर काका नोकरी संपवून गावी परतले होते.

२०१८ साली मी शाळेत होतो. एके दिवशी वर्तमानपत्र घेऊन धावतच घरी आलो. "काका, सुपर कप पुन्हा सुरू झाला!" नाव तेच, पण आता पुष्कळ संघांची बाद फेरीची स्पर्धा. काकांनी चष्मा पुसला, बातमी सावकाश वाचली आणि विचारले, "यात आपली महिंद्रा आहे का रे?"

मी गप्प राहिलो. "मग हा दुसरा कप," एवढेच बोलून त्यांनी पेपराची घडी घातली. त्यांना आनंदाची बातमी द्यायला गेलो आणि जुने दुःख उकरून आलो, असे मला वाटले.

आमच्या गावात चांगदेवांची समाधी आहे. चौदाशे वर्षे काळाला हुलकावणी देणारा तो योगी, अशी आख्यायिका. त्यालाही अखेर समाधी चुकली नाही. मग चौदा वर्षांच्या एका चषकाची काय कथा? मनाची अशी समजूत मी घालतो खरी, पण ती पटत नाही. स्पर्धा संपते तेव्हा चषक कपाटात राहतो. पण तिच्यासाठी जीव टाकणाऱ्या माणसाने जायचे कुठे?

दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या मैदानावर आमचा एक सामना होतो, स्टेशनकडची पोरे विरुद्ध गावातली पोरे. गोलाचे खांब म्हणजे चार विटा, बक्षीस म्हणजे काकांकडून उसाचा रस. दरवर्षी दोन-तीन गडी कमी होतात. कोणी पुण्याला जातो, कोणी नाशिकला. पदवी हाती पडली की बहुधा मीही जाईन.

म्हणून यंदा एक वही केली आहे. पहिल्या पानावर सामन्याची तारीख, दोन्हीकडच्या खेळाडूंची नावे आणि गोल लिहिले. खाली पंच म्हणून काकांची सही घेतली. सही करून त्यांनी वही चाळली. पुढची सारी पाने कोरीच होती.

"एवढी जाड वही कशाला आणलीस?" ते म्हणाले. पण वही त्यांनी परत दिली नाही; आपल्या ट्रंकेत ठेवली.